कौल लावण्याआधी

मिटिंग संपली तेव्हा ओहोटी लागली होती.
पान एकशे बारा टेबलावर उघडंच राहिलं
आणि त्यावर कुणीतरी चहाचा कप ठेवला.
मुद्दाम की चुकून, मी विचारलं नाही.

आमच्यात असलं बोलत नाहीत, तात्या पेडणेकर म्हणाले.
आमच्यातही नाही, मोहल्ल्याचे इस्माइल होडेकर म्हणाले.
जेटीच्या लिलावावरून नऊ वर्षं न बोललेली ही दोन माणसं
एकमेकांना सुपारी देत होती.
फिलोमिना म्हणाली, धडा असू दे, पण तो डबा कशाला?

डबा बिस्किटांचा. झाकणाला मीच पाडलेली चीर.
मुलं त्यात चिठ्ठ्या टाकतात, नाव न घालता:
‘पाळीत लोणच्याक हात लावल्यार ता खरांच कुसता?’
‘मी झील. माका झीलच आवाडता. ह्यो रोग आसा काय?’
‘काका सांगता, कोणाक सांगू नको. सांगू?’
त्या एका चिठ्ठीसाठी तरी डबा हवा,
एवढंच मी बोलले.
कुणी वर पाहिलं नाही.

शेवटी ठरलं, देवाला विचारू.
सगळे सुटले. मीही सुटले, खोटं कशाला सांगू,
माझं लग्न, आईचं ऑपरेशन,
सगळं मी त्याच पाकळ्यांना विचारलंय.
होडेकर म्हणाले, तुमचा देव काय बोलतो ते कळवा,
मग आम्ही बघू.

सोमवार. माझा तिसरा दिवस.
मी पायरीखालीच उभी राहिले.
भीतीने की भक्तीने, एकेचाळिसाव्या वर्षीही कळत नाही,
आणि विज्ञान मीच शिकवते.

महादेव गुरवाने पाकळ्या ओल्या करून लावल्या.
‘बा देवा म्हाराजा, ही लेकरां तुझ्या दारात उभी आसत—’
व्हय म्हाराजा!
‘बाई शाळेत शिकवतत ता… ता…’
अडकला.
देवाला मोघम विचारता येत नाही,
प्रश्न उघडा हवा, नाहीतर कौल खोटा.
तो मागे वळला. ‘बाई, शब्द सांगा.’

मी बाहेर होते, म्हणून ओरडून सांगावं लागलं.
मासिक पाळी.
‘मासिक पाळी, म्हाराजा—’ व्हय म्हाराजा!
वीर्य.
व्हय म्हाराजा! सवयच ती, तोंड आपसूक उघडतं.
नको म्हणायचा हक्क.
व्हय म्हाराजा!
पुरुषाला पुरुष आवडणं, बाईला बाई.
गुरवाने घसा साफ केला, म्हटलं.
‘व्हय’ जरा उशिरा आलं, विस्कटून आलं,
पण आलं.
जन्मताना मुलगा की मुलगी हे न ठरलेलं मूल.

हे त्याने लगेच म्हटलं नाही.
बोटं समईच्या काठावर, चटका बसला असेल.
मग इतकं हळू म्हणाला
की पाठीमागच्यांना ऐकूच गेलं नाही,
आणि कुणी व्हय म्हटलं नाही.

उजवी पाकळी पडली नाही. डावीही नाही.
बारा वाजले, एक वाजला.
तात्यांची देवगड गाडी चुकली.
होडेकर स्कूटरवरून दोनदा विचारून गेले, काय झालं?
‘देव इचार करता,’ गुरव म्हणाला आणि दार ओढून घेतलं.

मंगळवारी मी धडा शिकवला,
पानावरच्या कपाच्या गोल डागासकट.

डब्यात संध्याकाळी एक चिठ्ठी,
अभिषेकाच्या पावतीच्या पाठीवर, मोठ्या माणसाचं अक्षर:
‘रातांब्याचा नर झाड आसता, मादी आसता,
एकाद्याक दोनय फुलां येतत.
आमी ता कधी तोडूक नाय.
माणसात तसां मूल आसला तर
प्रार्थनेक त्याका खंयच्या रांगेत उभा करतास?’

रांगा मीच लावते रोज.
डावीकडे मुलगे, उजवीकडे मुली.
शिट्टी माझ्याच गळ्यात असते.